गॅलिलिओनें सोडलेलें वैद्यक

इ. स. १५८५ सालीं इटलींतील पिसा येथील विद्यापीठांतून एकवीस वर्षांचा एक विद्यार्थी कोणतीहि पदवी न घेतां फ्लॉरेन्सला आपल्या घरीं परत आला. चार वर्षांपूर्वीं, १५८१ च्या सप्टेंबर महिन्यांत, वैद्यक शिकण्यासाठीं त्याचें नांव त्या विद्यापीठांत दाखल झालें होतें. वैद्यक त्यानें अर्ध्यावर टाकलें होतें आणि मन गणिताकडे लागलें होतें. हा विद्यार्थी म्हणजे गॅलिलिओ गॅलिली. पुढें त्यानें आकाशांत काय पाहिलें, हें शाळेंतल्या मुलांनाहि ठाऊक असतें. परंतु अभ्यासक्रम बदलण्याच्या त्या निर्णयाची किंमत किती झाली, ती कोणीं भरली आणि किती वर्षें भरली, हा हिशेब त्याच्या चरित्रग्रंथांतून इकडे तिकडे विखुरलेला आहे. तो मांडण्याचीं साधनें सुदैवानें शिल्लक आहेत. विद्यापीठांचे वेतनाचे ठराव आहेत, नातलगांचीं पत्रें आहेत आणि खुद्द गॅलिलिओच्या जमाखर्चाच्या नोंदीहि आहेत.

गॅलिली हें फ्लॉरेन्समधील जुनें, मानाचें, पण आतां खालावलेलें घराणें होतें. गॅलिलिओचा बाप व्हिन्चेन्झो हा ल्यूट नांवाच्या तंतुवाद्याचा उत्तम वादक आणि संगीतशास्त्राचा मोठा पंडित होता. प्राचीन व अर्वाचीन संगीतावरील त्याचा संवादरूप ग्रंथ १५८१ सालींच, म्हणजे मुलाला पिसाला पाठविलें त्याच वर्षीं, प्रसिद्ध झाला. संगीतानें कीर्ति दिली. घर मात्र चालेना, म्हणून त्यानें कापडाच्या व्यापारांतहि हात घालून पाहिला. मुलाला वैद्य करावें हा त्याचा बेत केवळ लहरीचा नव्हता. पंधराव्या शतकांत याच घराण्यांत गॅलिलिओ बोनाइउती नांवाचा एक नामांकित वैद्य होऊन गेला होता, आणि घराण्याला गॅलिली हें नांव त्याच्यावरूनच पडलें होतें. वैद्याचा मान काय आणि त्याची प्राप्ति काय, हें त्या घराला ठाऊक होतें. त्याआधीं हा मुलगा व्हालोम्ब्रोसाच्या मठांत शिकत असतां तेथेंच संन्याशी होण्याच्या बेतांत होता; तेव्हां डोळ्यांच्या विकाराचें निमित्त सांगून बापानें त्याला तेथून काढून आणलें होतें. थोरल्या मुलानें मिळवतें व्हावें, धाकट्या बहिणी उजवाव्यात, ही अपेक्षा त्या माणसाला किती निकडीची वाटत होती, हें यावरून दिसतें.

यांत एक चमत्कारिक गोष्ट आहे. व्हिन्चेन्झो स्वतः गणित जाणणारा होता. तारेवरचा ताण आणि तिचा स्वर यांचें प्रमाण त्यानें वजनें टांगून प्रत्यक्ष तपासलें होतें. असा मनुष्य मुलाला गणितापासून दूर ठेवूं पाहत होता, असें गॅलिलिओचा शिष्य व चरित्रकार व्हिव्हियानी सांगतो. याला विसंगति म्हणतां येत नाहीं. ज्या विद्येंत स्वतःचें आयुष्य गेलें तिच्यांत पोट भरत नाहीं, ही गोष्ट त्याच्याइतकी दुसऱ्या कोणाला कळणार?

पिसांतील बिघाडाला आरंभ १५८३ च्या सुमारास झाला. तस्कनीच्या ग्रँड ड्यूकाचा दरबार हिवाळ्यांत पिसाला मुक्कामास येत असे, आणि दरबारांतील मुलांना गणित शिकविण्यासाठीं ओस्तिलिओ रिच्ची नांवाचा शिक्षक बरोबर असे. त्याचें युक्लिडवरील विवेचन गॅलिलिओच्या कानीं पडलें आणि वैद्यकांतलें त्याचें लक्ष उडालें. बापाला हें कळल्यावर गेलनचा वैद्यकग्रंथ वर आणि युक्लिड त्याच्या खालीं, अशी लपवालपवी कांहीं दिवस चालली. शेवटीं रिच्चीनेंच मुलाच्या वतीनें रदबदली केली, आणि बापानें नाखुषीनें का होईना अर्धवट संमति दिली. पैसा मात्र त्या संमतीबरोबर वाढला नाहीं.

पिसांत तो मुत्सिओ तेदाल्दी नांवाच्या नातलगाच्या घरीं राहिला होता. तेवढी सोय झाली तरी विद्यापीठाच्या शिक्षणाचा खर्च व्हिन्चेन्झोच्या आवांक्याबाहेरचाच होता. तस्कनींतील गरीब विद्यार्थ्यांसाठीं पिसा येथें चाळीस विनामूल्य जागा असत. त्यांपैकीं एक मिळावी म्हणून अर्ज झाला, पण तो नामंजूर झाला. त्या काळच्या इटलींत पदवी घेणें हीहि स्वतंत्र खर्चाची बाब असे. परीक्षकांची दक्षिणा, भेटी आणि मेजवान्या हें सर्व उमेदवारानें करावयाचें. त्यामुळें शिक्षण पुरें करूनहि पदवीवांचून परतणारे विद्यार्थी थोडे नव्हते. गॅलिलिओनें वैद्यक सोडलें तें आवड बदलली म्हणून, हें खरें. पण विनामूल्य जागा मिळती तर तो पिसांत आणखी राहता आणि कदाचित् पदवीहि घेऊन येता, असें मानण्यास जागा आहे. अभ्यासक्रम सोडण्याच्या निर्णयांत आवड किती आणि रिकामी थैली किती, हें निवडून काढणें सोपें नसतें.

याच सुमाराला जर्मनींत दुसऱ्या एका गणितज्ञावर असाच प्रसंग आला होता. योहानेस केप्लर हा व्युर्टेम्बर्गच्या ड्यूकाच्या शिष्यवृत्तीवर ट्यूबिंगेन येथें ईश्वरशास्त्र शिकत होता, तो धर्मोपदेशक होण्यासाठीं. १५९४ सालीं तो अभ्यास पुरा होण्यापूर्वींच त्याला ग्रात्स येथें गणितशिक्षकाची जागा आली. वेतन वर्षाला १५० गुल्डेन. परंतु ती पत्करण्यापूर्वीं त्याला ड्यूकाची परवानगी काढावी लागली, कारण ज्याच्या पैशावर शिक्षण झालें त्याची सेवा करण्यास तो बांधलेला होता. गॅलिलिओला असें कोणाला विचारावयाचें नव्हतें, कारण कोणीं कांहीं दिलेंच नव्हतें. त्याचा सावकार घरांतच होता. व्हिन्चेन्झोनें चार वर्षें जें भरलें त्याची परतफेड कोणत्याहि करारांत लिहिलेली नव्हती.

फ्लॉरेन्सला परत आल्यावर चार वर्षें त्यानें फ्लॉरेन्स व सिएना येथें खासगी शिकवण्या केल्या. पाण्यांत तोलण्याच्या तराजूवर एक छोटा निबंध लिहिला, रोमला जाऊन क्लाव्हियस या थोर जेझुइट गणितज्ञाची भेट घेतली, आणि बोलोन्याच्या विद्यापीठांत रिकामें झालेलें गणिताचें अध्यासन मागून पाहिलें. तें १५८८ सालीं माजिनी या वयानें व नांवानें मोठ्या असलेल्या विद्वानाला मिळालें. पदवी नसलेल्या तरुणाची तेथें वर्णी लागणें कठीणच होतें. शेवटीं गुइदोबाल्दो देल मोन्ते या सरदार गणितज्ञाच्या शिफारशीवर १५८९ सालीं त्याला पिसाच्याच विद्यापीठांत गणिताची प्राध्यापकी मिळाली. ज्या ठिकाणाहून तो हात हालवीत परत आला होता, तेथेंच.

वेतन किती? वर्षाला ६० स्कूदी. हा आंकडा एकटा वाचला तर त्यांतून बोध होत नाहीं. शेजारचा आंकडा पाहावा लागतो. थोड्याच वर्षांनीं वैद्यकाच्या अध्यासनावर जेरोनिमो मेर्कुरिआले हा प्रख्यात वैद्य पिसाला आला, आणि त्याचें वेतन दोन हजार स्कूदींच्या घरांत होतें. मेर्कुरिआले हा त्या काळचा पहिल्या प्रतीचा वैद्य होता. त्याच्याशीं पंचविशीच्या मुलाची तुलना अगदीं न्यायाची नव्हे. तरी दोन विद्यांचा बाजारभाव किती भिन्न होता, तें त्यावरून ध्यानीं येतें. गणित ही त्या वेळच्या विद्यापीठांत एक जोडविद्या होती. त्यांतच पहिल्या वर्षीं आर्नो नदीला पूर येऊन गॅलिलिओला फ्लॉरेन्सहून निघतां आलें नाहीं, आणि बुडालेल्या पहिल्या सहा व्याख्यानांबद्दल त्या साठांतूनहि दंड कापला गेला. १५९० च्या नोव्हेंबरांत त्यानें बापाला लिहिलेल्या एका पत्रांत सात खंडांचा गेलन घरून पाठविण्याचा विषय आहे. पांच वर्षांपूर्वीं सोडलेलें वैद्यक त्याच्या कपाटांतून अजून गेलें नव्हतें.

१५९१ च्या उन्हाळ्यांत व्हिन्चेन्झो वारला. आतां खऱ्या हिशेबाला सुरुवात झाली. थोरला मुलगा म्हणून आई ज्युलिया, दोन बहिणी आणि पंधरा वर्षांचा भाऊ मिकेलान्योलो यांचा भार गॅलिलिओवर आला. मोठी बहीण व्हर्जिनिया हिचा विवाह त्याच वर्षीं बेनेदेत्तो लांदुच्ची याच्याशीं झाला. हुंडा ठरला होता. तो देण्याची जबाबदारी साठ स्कूदींच्या प्राध्यापकावर पडली. हुंड्याच्या हप्त्यांनीं गांजलेला कर्ता भाऊ मराठी वाचकाला अनोळखी नाहीं. सोळाव्या शतकांतील फ्लॉरेन्समध्यें तो घरोघर होता. १५९३ च्या मे महिन्यांत आईनें मुलाला लिहिलें, तूं सुटींत इकडे येणार असलास तर सांभाळून ये, लांदुच्ची थकलेल्या हुंड्यासाठीं तुला पकडविण्याच्या गोष्टी बोलत आहे. स्वतःच्या गांवीं, स्वतःच्या मेहुण्याच्या भयानें लपत जाण्याची पाळी या गणितज्ञावर आली होती.

त्यापूर्वींच, १५९२ च्या सप्टेंबरांत, व्हेनिसच्या प्रजासत्ताकानें त्याला पादुआच्या विद्यापीठांत नेमलें होतें. वेतन १८० फ्लोरिन; पिसापेक्षां पुष्कळच बरें. पादुआंत त्यानें अठरा वर्षें काढलीं. वेतन १५९९ सालीं ३२० फ्लोरिन झालें आणि १६०६ सालीं ५२०. प्रत्येक वाढीसाठीं वजनदार मित्रांच्या मध्यस्थीची गरज लागे. तेथें त्याच्या वर्गांत बसणारे विद्यार्थी बहुतांशीं कोण होते? वैद्यकाचे. त्या काळीं रोग्याची पत्रिका पाहिल्यावांचून उपचार ठरत नसत. म्हणून वैद्याला आकाशाचें जुजबी ज्ञान आवश्यक समजलें जाई, आणि तेवढ्यापुरती गणिताच्या प्राध्यापकाची गरज असे. ज्या अभ्यासक्रमाकडे त्यानें पाठ फिरविली, त्याच अभ्यासक्रमाच्या विद्यार्थ्यांना युक्लिडचीं आरंभींचीं प्रकरणें व ग्रहगोलांची मांडणी शिकवून तो पोट भरीत होता.

१६०१ सालीं धाकटी बहीण लिव्हिया हिचा विवाह ताद्देओ गाल्लेत्ती याच्याशीं ठरला. हुंडा १८०० डुकाट. त्यांतील ८०० तत्काळ, बाकीचे पांच वर्षांच्या हप्त्यांनीं. हा ऐवज म्हणजे गॅलिलिओचें कित्येक वर्षांचें संपूर्ण वेतन. अर्धा भाग मिकेलान्योलोनें द्यावयाचा, असें ठरलें होतें. मिकेलान्योलो बापाप्रमाणें ल्यूटवादक झाला होता आणि थोरल्या भावाच्याच खर्चानें पोलंडला जाऊन तेथें एका सरदाराच्या पदरीं राहिला होता. त्याच्याकडून एक कवडी आली नाहीं. १६०८ सालीं म्युनिकला त्यानें स्वतःचें लग्न थाटामाटानें केलें, आणि भावानें देण्याची आठवण दिली तेव्हां, बहिणींसाठीं चार पैसे सांठवीत जन्म घालविणें आपल्याला शक्य नाहीं, अशा अर्थाचें उत्तर पाठविलें. हें पत्र वाचून मिकेलान्योलोचा राग येतो. पण एका दृष्टीनें तो खरें बोलत होता. घरांतील एका मुलानें कमी मिळकतीची विद्या निवडली होती तें निभावलें. दुसऱ्यानेंहि तसेंच केल्यावर त्या दोघांचा भार पहिल्यावरच पडला. दोघेहि मेहुणे पुढें गॅलिलिओविरुद्ध न्यायालयांत गेले. विद्यापीठाकडे वेतनाची आगाऊ उचल मागण्यावांचून त्याला गत्यंतर राहिलें नाहीं.

हें देणें त्यानें कसें भागविलें, तें त्याच्या वह्यांवरून कळतें. पादुआंतलें त्याचें घर म्हणजे एक लहानशी खाणावळच झाली होती. जर्मनी, पोलंड, फ्रान्स अशा दूरच्या देशांतून आलेले सरदारपुत्र त्याच्याकडे पैसे देऊन राहत, जेवत आणि तटबंदी, यंत्रशास्त्र व भूमापन यांचे खासगी पाठ घेत. १५९९ सालीं त्यानें मार्कान्तोनिओ मात्सोलेनी नांवाच्या कारागिराला कुटुंबासह घरांत ठेवून घेतलें आणि स्वतः सुधारलेला भूमितीचा व लष्करी उपयोगाचा कंपास विकावयास काढला. तोफेच्या गोळ्यासाठीं दारूचें माप, व्याजाचे हिशेब, नाण्यांचा विनिमय असे अनेक प्रकार त्या पितळी साधनावर सोडवितां येत. साधनाच्या विक्रीपेक्षां तें वापरावें कसें, हें शिकविण्याच्या मोबदल्यांत अधिक पैसा सुटे. म्हणून त्याची माहिती त्यानें बरीच वर्षें छापली नाहीं. हस्तलिखित प्रत शिष्यांनाच मिळे. १६०६ सालीं ती पुस्तिकारूपानें छापली तीहि साठच प्रती. पुढच्याच वर्षीं बाल्देसार काप्रा नांवाच्या इसमानें तीच लॅटिनमध्यें उतरवून आपल्या नांवावर खपविली, तेव्हां गॅलिलिओ चवताळून उठला आणि त्यानें विद्यापीठापुढें त्याला दोषी ठरविलें. त्या संतापाला व्यापाऱ्याची बाजू होती, हें विसरूं नये. चोरी गेली ती कीर्तीबरोबर रोजीहि होती.

अभ्यासक्रम बदलण्याची किंमत स्कूदी आणि फ्लोरिनांत मोजली तर ती येथवर येते. परंतु सर्वांत मोठी रक्कम वहींत लिहिलेली नाहीं. त्या अठरा वर्षांत उतरत्या फळीवर गोळे सोडून गतीचे नियम शोधण्याचें जें काम त्यानें केलें, तें सकाळचे वर्ग, दुपारच्या शिकवण्या आणि रात्रीच्या जेवणावळी यांतून उरलेल्या वेळांत. वयाच्या बेचाळिसाव्या वर्षापर्यंत स्वतःच्या नांवानें त्याचें एकहि पुस्तक निघालें नव्हतें, आणि निघालें तें विक्रीच्या यंत्राचें माहितीपत्रक. गतीचे ते नियम १६३८ सालीं लायडन येथें छापलेल्या ग्रंथांत आले. हा सारा विलंब पैशामुळें झाला असें म्हणणें चुकीचें होईल, कारण मध्यें दुर्बीण आली, वादविवाद आले आणि धर्मपीठाचा खटलाहि आला. परंतु १६१० च्या मे महिन्यांत तस्कनीच्या दरबारचा सचिव बेलिसारिओ व्हिन्ता याला लिहिलेल्या पत्रांत त्यानें स्वतःच सांगितलें आहे, कीं शिकवण्या आणि घरीं ठेवलेले विद्यार्थी यांवर आपल्याला हवा तेवढा पैसा मिळवितां येतो, पण त्यांतच आपला वेळ जातो. पंचेचाळीस उलटलेला मनुष्य हें लिहीत होता.

घराच्या आंतहि या ओढाताणीची छाया पडली. मारीना गांबा हिच्याशीं त्यानें लग्न केलें नाहीं. तिच्यापासून त्याला दोन मुली व एक मुलगा झाला. दोन्ही मुलींना त्यानें १६१३ सालीं, त्या अजून लहान असतांनाच, आर्चेत्री येथील सान मात्तेओच्या मठांत ठेवलें, आणि तेथेंच त्यांचें आयुष्य गेलें. विवाहबाह्य जन्मामुळें त्यांना चांगलें स्थळ मिळणें दुर्घट होतें, हें मुख्य कारण. परंतु दोन बहिणींच्या हुंड्यापायीं वीस वर्षें पोळलेल्या माणसाला दोन मुलींच्या हुंड्याचा विचार कसा वाटला असेल, याची कल्पना करणें अवघड नाहीं.

सुटका झाली ती दुर्बिणीमुळें. १६०९ च्या ऑगस्टमध्यें त्यानें आपली दुर्बीण व्हेनिसच्या राज्यकर्त्यांना दाखविली. दूर समुद्रांतलीं जहाजें नुसत्या डोळ्यांना दिसण्याच्या कितीतरी आधीं तिच्यांतून दिसत. सेनेटनें त्याची जागा तहहयात करून वेतन १००० फ्लोरिन ठरविलें. मात्र ही वाढ चालू मुदत संपल्यावर लागू व्हावयाची होती, आणि त्यापुढें कधींहि वाढ मिळावयाची नव्हती. व्यापाऱ्यांच्या राज्याला शोभेल असाच तो ठराव होता. पुढच्या वर्षीं गुरूच्या चार उपग्रहांना मेदिची घराण्याचें नांव देऊन त्यानें आपला जुना शिष्य, तस्कनीचा नवा ग्रँड ड्यूक दुसरा कोसिमो, याची कृपा संपादन केली. १६१० च्या जुलैमध्यें ग्रँड ड्यूकाचा तत्त्वज्ञ व गणितज्ञ आणि पिसा विद्यापीठाचा मुख्य गणितज्ञ म्हणून त्याची नेमणूक झाली. वर्षाला १००० स्कूदी, शिकविण्याची सक्ति नाहीं, आणि पिसाला राहण्याचीहि गरज नाहीं.

हें वेतन दरबाराच्या तिजोरींतून येत नसे. तें पिसा विद्यापीठाच्या निधींतून येई. ज्या विद्यापीठानें एक विनामूल्य जागा नाकारली, पुढें साठ स्कूदींवर नेमून त्यांतूनहि दंड कापला, त्याला आतां एकहि व्याख्यान न देणाऱ्या माणसाला दरसाल हजार स्कूदी मोजावे लागत होते. न शिकविणाऱ्याला पगार कां द्यावा, अशी तक्रार पुढें एकदां निघाली. पण निकाल गॅलिलिओच्या बाजूनें लागला. वैद्यक सोडल्याला तेव्हां चाळीसांहून अधिक वर्षें होऊन गेलीं होतीं.

त्याचा मुलगा, आजोबाचेंच नांव असलेला व्हिन्चेन्झो, वाढल्यावर त्याला शिकावयास पाठविलें तें पिसालाच. पोराची वृत्ति फारशी अभ्यासी नव्हती, आणि बापाचा शिष्य बेनेदेत्तो कास्तेल्ली पिसांत असेपर्यंत त्याच्यावर नजर ठेवीत असे. त्याच्यासाठीं विषय निवडला होता कायद्याचा. सहा एक वर्षें खर्च पुरवून गॅलिलिओनें तो अभ्यासक्रम शेवटास नेला, आणि १६२८ सालीं मुलगा पिसाहून रीतसर पदवी घेऊन घरीं आला.